पाय टेकतात ना?

सायकलची सीट किती उंच असावी, या विषयावर ज्याला मत नाही असा माणूस मला नागपुरात अजून भेटायचा आहे. राजकारणावर एखादा ‘जाऊ द्या ना जी’ म्हणून गप्प बसेल. पण खामल्यापासून सदरपर्यंत कुठेही सायकल उभी करा, कोणीतरी येतो, सीटवर तळहात ठेवून दाबतो, मान तिरकी करतो आणि निकाल देतो. आमच्या सोसायटीच्या चौकीदारानं मला सीट खाली घ्यायला सांगितली. दूधवाल्यानं वर. मेहुण्यानं ‘मागे सरकवा’ म्हणून सांगितलं, तेही फोनवरून, सायकल न पाहता. आमच्या दातांच्या डॉक्टरांनी तर माझ्या तोंडात त्यांची हत्यारं असताना सीटचं नाक किंचित झुकवायचा सल्ला दिला. मी ‘आ’ म्हणालो, तो त्यांनी होकार धरला.

माझा पाय किती लांब आहे, हे मात्र यातल्या एकानंही विचारलं नाही.

सायकल घ्यायचं निमित्त कोलेस्टेरॉल. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चालणं फुकट असल्यामुळे माझा त्याच्यावर विश्वास बसेना. शिवाय सायकलच्या बाबतीत नागपूरकराला थोडा माज आहे आणि तो रास्त आहे. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नावाची एक शर्यत आहे. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडला निघायचं आणि सुमारे 4,800 किलोमीटर सायकल मारून पलीकडच्या किनाऱ्यावर पोचायचं. ही शर्यत एकट्यानं, 12 दिवसांच्या मुदतीत पूर्ण करणारे पहिले भारतीय 2017 साली एकदम दोन निघाले. एक नाशिकचे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि दुसरे आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ. त्याआधी 2015 साली नाशिकच्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती जोडीनं पूर्ण केली होती. चौघंही डॉक्टर! पेशंटला चालायला सांगायचं आणि स्वतः सायकल घेऊन अमेरिका ओलांडायची, यात काहीतरी गोम आहे हे मी ताडलं आणि दुकान गाठलं.

दुकानदारानं आधी बजेट विचारलं. मग गिअर किती, डिस्क ब्रेक पाहिजे का, रंग कोणता. शेवटी म्हणाला, ‘‘चालवणार कोण?’’

‘‘मी.’’

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, पण नजर पोटापाशी थांबली. त्याच्या वर-खाली गेली नाही.

‘‘साइझ बरोबर होईल ना?’’ मी विचारलं.

‘‘मीडियम आहे काकाजी. मीडियम सगळ्यांनाच होते. बसून पाहा. पाय टेकतात ना जमिनीला?’’

‘‘टेकतात.’’

‘‘दोन्ही?’’

‘‘दोन्ही.’’

‘‘मग झालं तं!’’

बाटलीचा स्टँड फुकटात मिळवण्यासाठी मी जेवढा वेळ घासाघीस केली, त्याच्या दहावा हिस्सादेखील मी आणि सायकल यांची गाठ घालण्यात गेला नाही. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतील अशी सीट उभ्या सायकलवर फारच सोयीची. अडचण येते ती फक्त चालवताना.

पहिली तक्रार गुडघ्यानं केली. वाटीच्या बरोबर पुढच्या बाजूनं. मग तळहात. अंबाझरी मागे टाकून फुटाळ्याला पोचेपर्यंत माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मला सोडून गेलेले असायचे. तिसरी तक्रार मानेची. चौथ्या तक्रारीची जागा अशी होती, की ती चारचौघांत सांगता येत नव्हती आणि बसल्यावर विसरता येत नव्हती.

आमचा सकाळचा एक ग्रुप आहे. निवृत्त, निवृत्तीच्या वाटेवरचे आणि घरच्यांनी सकाळपुरते निवृत्त केलेले असे सगळे त्यात आहेत. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्सचा चढ आणि शेवट तर्री पोह्याच्या ठेल्यावर. सायकलनं किती कॅलरी जळल्या हे मोबाइल सांगतो; ठेल्यावर किती परत आल्या हे सांगणारं ॲप अजून आमच्यापैकी कोणी घेतलेलं नाही. तिथं प्लेट हातात आली की माझी पंचाईत व्हायची. बोटं इतकी बधिर झालेली, की चमचा आपल्याच हातात आहे याची खात्री मला डोळ्यांनी करून घ्यावी लागे. एकदा तो तर्रीत पडला, तेव्हा आरोग्य परिषदच भरली.

‘‘कुठे दुखून राहिलं?’’

‘‘गुडघा.’’

‘‘तेल लावा. मोहरीचं.’’

‘‘तेल कायले? सीट खाली घ्या ना त्यांची.’’

‘‘अजून खाली? मग चालवतील का रांगतील?’’

ग्रुपमध्ये एक निवृत्त अभियंता आहेत. त्यांना सगळे साहेब म्हणतात. नोकरीभर त्यांनी रस्त्यांना आणि नाल्यांना उतार काढून दिलेले. त्यांनी माझ्या सीटचा नट सैल केला आणि नाक वर करून दिलं, ‘‘म्हणजे तुम्ही घसरणार नाही.’’ मी घसरलो नाही हे खरं आहे, पण चौथ्या तक्रारीनं त्या दिवशी उच्चांक गाठला. दुसऱ्या दिवशी बँकेतून निवृत्त झालेल्या मित्रानं तेच नाक खाली केलं. मग मी राइडभर हळूहळू हँडलकडे घसरत राहिलो आणि दोन्ही हातांनी स्वतःला मागे ढकलत राहिलो. तिसऱ्या दिवशी पोहेवाल्यानं मोफत तपासणी केली. त्याच्या मते दोष पायडलचा होता.

मत ऐकून गुण येत नाही म्हटल्यावर मी खरेदीकडे वळलो. हातासाठी ग्लोव्ह्ज. गुडघ्यासाठी नी-कॅप, दोन. सीटसाठी जेलचं जाडजूड कव्हर. जितकं मऊ तितकं बरं, असं मला वाटलं होतं. सीट फार मऊ असली की बसण्याची हाडं तिच्यात रुततात आणि दाब हाडं सोडून नाजूक भागावर येतो, हे ज्ञान मला वाचून मिळालं नाही. आणि सगळ्यात शेवटी ती गादी लावलेली चड्डी. ती पहिल्यांदा धुऊन गॅलरीत वाळत घातली, त्या दुपारी समोरच्या काकूंनी आमच्या सौभाग्यवतींना आनंदानं हाक मारली.

‘‘अवो, घरात बाळ आलं काय जी? सांगितलं नाही!’’

‘‘हो ना,’’ सौ. म्हणाल्या. ‘‘पंचावन्न वर्षांचं आहे.’’

एवढं सगळं घेऊन दुखणं होतं तेवढंच राहिलं. फक्त ते आता गादीवर बसून दुखत होतं.

खरं सांगायचं तर सायकल मापाची असते ही कल्पनाच आमच्या पिढीला कोणी दिली नाही. घरात एक काळी सायकल असायची, चोवीस इंची. बाबांना बावीस इंची पाहिजे होती, पण त्या दिवशी दुकानात चोवीस होती. मग बाबा तिच्यावर बसण्यासाठी आयुष्यभर थोडे उंच राहिले. आम्ही भावंडं तिच्यावर कैची शिकलो. डाव्या हातात हँडल, सीट उजव्या बगलेत, उजवा पाय फ्रेमच्या त्रिकोणातून पलीकडच्या पायडलवर आणि शरीर असं वाकडं, की समोरून येणाऱ्याला सायकल चालली आहे की कोणी तिला सोडवतो आहे ते कळू नये. मग दांडीवरून, कंबर डावी-उजवी हलवत. सीटवर बसून पाय पुरायला लागले तेव्हा मॅट्रिकचा निकाल लागला होता आणि सायकल धाकट्याकडे गेली होती. सायकल कोणासाठी कधी बदलली नाही. आम्हीच वाढत वाढत तिच्या मापाचे झालो. शाळेची पँट दोन बोटं मोठी, बुटात कापूस आणि सायकल चोवीस इंची, अशा शिस्तीत वाढलेल्या माणसाला ‘फिट’ हा शब्द चक्कर येण्याच्या संदर्भातच माहीत असतो.

गंमत म्हणजे एके काळी सायकल मापाचीच असे. पुढचं चाक राक्षसी आणि मागचं चिमुकलं अशी ती जुनी सायकल चित्रांत असते ना, तिचं पायडल थेट पुढच्या चाकालाच असे. त्यामुळे चाक केवढं घ्यायचं हे गिऱ्हाइकाच्या पायाच्या लांबीवर ठरे. लांब टांगांच्या माणसाला मोठं चाक आणि म्हणून जास्त वेग. 1885 साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही सायकल आणली. चेन लावून चाक फिरवायचं, दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि पडलं तरी माणूस वाचेल एवढीच उंची. चाकाचा आणि टांगेचा संबंध तुटला. सीट वर-खाली करायला एक नट ठेवला की एकच सायकल दहा जणांना चालू लागली. तो नट म्हणजे मोठीच सोय होती. आपल्याकडे मात्र सायकल विकत आणल्या दिवशी तो जो आवळला जातो, तो पुढच्या पिढीलाच सैल करायला मिळतो. आणि सैल झालाच तर फिरवायला सगळी आळी येते.

सीटनं पछाडलेल्या माणसांत माझ्याहून थोर मंडळीही आहेत, हे वाचून मला धीर आला. बेल्जियमचे एडी मर्क्स. टूर द फ्रान्स पाच वेळा जिंकलेले. 1969 साली ब्ल्वा इथल्या ट्रॅकवर त्यांना भयंकर अपघात झाला, कमरेचं हाड सरकलं आणि त्यानंतर सीटवर त्यांना कधी म्हणून पूर्ण आराम मिळाला नाही. ते खिशात पाना घेऊन शर्यतीत उतरत आणि शर्यत चालू असताना सीट खाली-वर करत. हा दाखला मी कौतुकानं ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवसापासून साहेब खिशात पाना ठेवून यायला लागले. सीट मात्र माझीच फिरवत.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

‘‘गुडघ्यात काहीच नाही. सायकल कुठे आहे?’’

‘‘खाली. पार्किंगमध्ये.’’

‘‘मग तिला दाखवा कोणाला तरी. सायकल अंगाला बसवून देणारी माणसं असतात आता. त्याला बाइक-फिट म्हणतात.’’

घरी ही बातमी सांगितली तेव्हा सौ. भाजी निवडत होत्या. ‘‘म्हणजे तो काय करणार?’’

‘‘माझी मापं घेणार.’’

‘‘आणि त्याचे पैसे?’’

‘‘हो.’’

‘‘शिंपी फुकट घेतो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि वर कपडे शिवून देतो.’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सायकल गाडीत घातली आणि गेलो.

फिटर म्हणजे आमच्या मुलाच्या वयाचा पोरगा निघाला. त्यानं सायकलला हात लावण्याआधी मलाच खुर्चीत बसवलं आणि लग्न जमवताना विचारले गेले नव्हते इतके प्रश्न विचारले. पूर्वी काही मोडलं होतं का? दिवसाचे किती तास बसून काम? दुखणं सुरू कधी होतं, चढावर का सपाटीवर? डाव्या बाजूला का उजव्या? आणि मग, ‘‘तुमचं ध्येय काय?’’

मी खरं ते सांगितलं. ‘‘पोहे.’’

त्यानं लिहून घेतलं.

‘‘उंची?’’

‘‘पाच फूट आठ इंच.’’

त्यानं भिंतीला उभं करून मोजली. 168 सेंटिमीटर. म्हणजे जेमतेम पाच सहा.

‘‘माझ्या लायसन्सवर पाच आठ आहे,’’ मी म्हणालो.

‘‘लायसन्सला सायकल नाही चालवायची ना, काकाजी.’’

मग अनवाणी उभं राहून एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये धरायचं आणि सीट जशी खालून दाबते तसं ते वर दाबायचं. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत जे भरतं ती पायाची आतली लांबी. माझी 78 सेंटिमीटर भरली. त्याला 0.883 नं गुणायचं. हा आकडा टूर द फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँड या अमेरिकनामुळे जगभर पसरला. उत्तर आलं 68.9. पायडलची क्रँक जिथं फिरते त्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं, निदान सुरुवातीला. फिटरनं माझ्या सायकलला टेप लावला. 62.

‘‘कोणी बसवली ही सीट?’’

‘‘बरेच जण आहेत,’’ मी म्हणालो.

मग बसण्याची हाडं. एका मऊ पट्टीवर बसवून उठवलं. पट्टीवर दोन खड्डे उमटले होते, त्यांतलं अंतर त्यानं मोजलं, कारण सीटची रुंदी त्या हाडांना पुरायला हवी. इतकी वर्षं समाजात वावरून मी मागे ठेवलेली ही पहिली नोंद. मग म्हणाला, ‘‘गुडघे न वाकवता पायाची बोटं पकडा.’’

‘‘कोणाची?’’

गुडघ्याच्या जरा खाली जाऊन मी थांबलो. त्यानं काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही. पण माझ्या सायकलचं हँडल ज्या अंतरावर होतं, तिथवर वाकणारी पाठ माझ्याकडे गेली कित्येक वर्षं नाही, एवढं त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. पाठ वाकत नाही म्हणून हात ताणायचे, हात ताणले की अंगाचा भार तळहातावर, तळहातात करंगळीच्या बाजूनं जाणारी नस त्या भाराखाली चेपायची आणि मग चमचा तर्रीत. रोगाचं मूळ कुठे आणि आम्ही मोहरीचं तेल लावत होतो कुठे!

यानंतर मागचं चाक स्टँडमध्ये अडकवून मला सायकलवर चढवलं. घोटा, गुडघा, कंबर, खांदा, कोपर, मनगट, सगळीकडे ठिपके चिकटवले आणि मोबाइल तिवईवर लावून चित्रण. तो व्हिडिओ मी पाहिला. एक गृहस्थ खूप मेहनत करताहेत, कुठंही पोचत नाहीत आणि दर फेऱ्याला त्यांचा गुडघा वर येतो, पोटाला भेटतो आणि वाट न मिळाल्यामुळे बाहेरच्या बाजूनं निघून जातो. पायडल अगदी खाली असताना गुडघा साधारण 25 ते 35 अंश वाकलेला असावा. माझा पन्नाशी ओलांडून गेला होता, माझ्यासारखाच.

‘‘मिनिटाला साठ फेरे धरा,’’ पोरगा म्हणाला. ‘‘तासाला 3,600 वेळा गुडघा असा दुमडून राहिला तुमचा.’’

इतक्या उठाबशा आमच्या गणिताच्या मास्तरांनीही कधी काढायला लावल्या नव्हत्या.

मग गवंड्याकडे असतो तोच ओळंबा निघाला. पायडल आडवं समोर धरून गुडघ्यापासून ओळंबा सोडायचा. तो पायडलच्या आसावर पडला तर सीट पुढे-मागे बरोबर, असा जुना ठोकताळा. कीथ बॉन्ट्रेगर या अमेरिकन सायकल-कारागिरानं लांबलचक लेख लिहून तो भ्रम ठरवला आहे. ‘‘सुरुवात करायला बरा,’’ पोरगा म्हणाला, ‘‘देव मानायचा नाही.’’ सीटवर पाणसळ ठेवून नाक सपाट केलं. हँडल वर आलं आणि आखूड स्टेम लावून जवळ आलं. ब्रेकच्या मुठी मनगटाच्या रेषेत फिरल्या. सीट मात्र एका दमात सात सेंटिमीटर चढवली नाही. स्नायूंना सवय व्हायला पाहिजे, म्हणून थोडी आज, थोडी पुढच्या वेळी. मध्येच त्यानं जेलचं कव्हर दोन बोटांत उचललं.

‘‘हे काय?’’

‘‘जेल.’’

‘‘राहू द्या घरी.’’

उतरताना मी किंचाळलो. ‘‘अरे, पाय टेकत नाही!’’

‘‘सीटवर बसून कायले टेकवता? थांबताना पुढे उतरायचं. बसून पाय टेकले तर सीट खाली आहे समजायचं.’’

पन्नास वर्षांच्या माझ्या सायकलशास्त्राचा हा एकमेव सिद्धान्त होता, आणि तो एका वाक्यात गेला.

नवं शास्त्र अंगवळणी पडायच्या आत शंकरनगर चौकाचा सिग्नल आला. लाल दिवा. मी ब्रेक लावले, जुन्या सवयीनं बसल्या जागीच पाय सोडला, पायाला काहीच लागलं नाही आणि मी सायकलसकट अत्यंत सावकाश, सर्वांना नीट पाहता येईल अशा गतीनं डावीकडे आडवा झालो. लागलं काही नाही. शेजारच्या स्कूटीवर स्कार्फनं तोंड बांधलेली एक मुलगी होती. फक्त डोळे दिसत होते, पण त्या डोळ्यांतही मत होतं.

‘‘काका, सीट भल्ली उंच आहे ना तुमची. खाली घ्या ना!’’

पण हळूहळू फरक पडला. गुडघा आधी राइडनंतर गप्प बसू लागला आणि मग राइडमध्येही. बोटं फुटाळ्यापर्यंत आणि तिथून पुढेही सोबत यायला लागली. सेमिनरी हिल्सच्या चढावर मी पूर्वी नेमका मध्यावर फोन आल्याचं सोंग करून उतरत असे. आता फोन खरोखर आला तरी घेत नाही. पाय नीट लांब झाला की मांडीचे मोठे स्नायू कामाला लागतात, एवढंच त्यातलं रहस्य. वय तेच, पोट तेच, सायकल तीच.

तोटाही झाला. ठेल्यावर बोलायला विषय उरला नाही. दुखणं नसलेल्या माणसाला आमच्या ग्रुपमध्ये मताधिकार नाही. साहेबांनी मात्र श्रेयाचा निकाल लावून टाकला. ‘‘बरं वाटून राहिलं ना? मी म्हटलंच होतं, नाक वर केलं की फरक पडते.’’

दुसरं संकट घरचं. चिरंजीव सुट्टीत पुण्याहून आले, सायकल घेऊन भटकून आले आणि म्हणाले, ‘‘बाबा, सीट परत होती तशीच केली.’’ आमच्या घरात ‘होती तशीच’ याचा अर्थ चार बोटं इकडे-तिकडे. या वेळी गुडघा मागच्या बाजूनं दुखला. मी मोठा शोध लागल्याच्या आनंदात सांगत सुटलो, की सीट खाली असली तर पुढून दुखतं आणि फार वर गेली तर मागून. कोणी ऐकलं नाही. मग मी सौभाग्यवतींची नेलपेंटची बाटली घेतली आणि सीटच्या दांडीवर, फ्रेमला लागून, एक रेघ ओढली. त्यांनी ती दुपारीच ओळखली. ‘‘माझा मरून?’’ फिटिंगच्या पैशांवरून झालं नव्हतं एवढं त्यावरून झालं.

नव्यानं बाटलेला माणूस जोरात बांग देतो म्हणतात. मीही रस्त्यात लोकांना थांबवू लागलो. आमचा पेपरवाला सीट अगदी फ्रेमला टेकवून, गुडघे हँडलला लागतील असा चालवतो. त्याला एका सकाळी फाटकातच धरलं. 0.883 सांगितलं. उठाबशांचा हिशेब सांगितला. त्यानं शांतपणे ऐकलं आणि एक पाय जमिनीवर सपाट टेकवून उभा राहिला.

‘‘काकाजी, वर घेतली तं प्रत्येक गेटले उतरा लागते. खाली आहे तं बसल्या बसल्या पाय टेकवतो, पेपर टाकतो, निघतो.’’

‘‘पण गुडघा?’’

‘‘तासाभराचं तं काम आहे जी. मंग कॉलेजले जाताना वर घेतो ना.’’ त्यानं सीटच्या दांडीकडे बोट दाखवलं. तिथं खिळ्यानं कोरलेल्या दोन बारीक रेघा होत्या, एक खालची, एक वरची. खालची जास्त झिजलेली. ‘‘ही पेपरची. ही माही.’’

ज्या गोष्टीसाठी मी पैसे मोजून ओळंब्याखाली बसलो, ती त्यानं एका खिळ्यात उरकली होती. वर हेही शिकवून गेला, की माप नुसतं अंगाचं नसतं, कामाचंही असतं. घरोघर थांबणाऱ्याची सीट वेगळी, लांब पल्ल्याच्या स्वाराची वेगळी. आमचे डॉ. समर्थ 2018 साली मॉस्कोहून व्लादिवोस्तोकपर्यंत 9,000 किलोमीटरहून जास्त सायकल मारून आले. तेवढ्या अंतरावर दोन-चार मिलिमीटरची चूकही गुडघा लक्षात ठेवतो. मला ठेल्यापर्यंत जायचं असतं. माझी चूक सेंटिमीटरची होती, म्हणून लवकर कळली.

तेव्हा वाचकहो, सायकल घ्यायची असेल किंवा गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामी लावलेली परत काढायची असेल, तर आधी एवढं करा. भिंतीला एक हात टेकून सीटवर बसा. टाच पायडलवर ठेवा आणि पायडल उलटं फिरवा. अगदी खाली आल्यावर पाय सरळ झाला पाहिजे आणि त्यासाठी कंबर एका बाजूला कलायला नको. मग चवड्यानं चालवा, गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. सीट सपाट ठेवा. हे करूनही दुखत असेल तर जेल, ग्लोव्ह्ज आणि गादीची चड्डी यांच्या आधी मापं घेणाऱ्याकडे जा. त्या तिन्हींवर मिळून जे जातात ते त्याला द्या. आणि घरात चालवणारे एकाहून जास्त असतील तर प्रत्येकाची रेघ वेगळ्या रंगाची ओढा. मरून सोडून.